शिक्का तेवढा मारून द्या: ज्येष्ठांच्या पत्ताबदलाबाबत अध्यक्षांना चौथं पत्र

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
आपली गृहनिर्माण सोसायटी, छत्रपती संभाजीनगर

विषय: ज्येष्ठ रहिवाशांना राहत असल्याचं पत्र देण्यास सचिवांची टाळाटाळ

सप्रेम नमस्कार.

याआधीचे तीन अर्ज मी तुमच्या हातात दिले आहेत, पोच माझ्याकडे आहे. तक्रार आली की येत्या सभेत निर्णय घ्यायचा आणि नंतर पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचं, असं उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय. मला आजवर एका ओळीचंही उत्तर आलेलं नाही. मी भांडखोर माणूस नाही. टपाल खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, कुणाशी आवाज चढवून बोललो नाही. पण आता गप्प बसवत नाही.

ब विंगमधल्या जिंतूरच्या आजी तुम्हाला माहीत आहेत. यजमान एसटीत होते. ते गेल्यावर आजी इथे मुलाकडे आल्या. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेतली विधवा पेन्शन मिळते, हजाराच्या थोडी वर. किमान हजाराचा आकडा २०१४ पासून तोच आहे. त्यात गोळ्यासुद्धा भागत नाहीत, पण आजींना तो स्वतःचा पैसा वाटतो. बँकेची केवायसीची नोटीस गेली जिंतूरच्या कुलूपबंद घरी. ती कुणी वाचली नाही आणि खातं अडकलं. बँक म्हणाली, आधारवर नवा पत्ता करून आणा. मुलाच्या स्वतःच्या आधारवर अजून बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता. लाइट बिल जुन्या मालकाच्या नावावर, कारण नाव बदलायला लागणारं ना-हरकत पत्र सचिवांनी आठ महिने दिलेलं नाही.

आजींनी राहत असल्याचं पत्र मागितलं तर सचिव म्हणाले, "त्या सभासद नाहीत, भाडेकरूसारखी पोलीस पडताळणी आणा." वर बिनभोगवटा शुल्काचं बोलले, फ्लॅट भाड्याने दिला की लागतं ते. अध्यक्षसाहेब, उपविधीतली कुटुंबाची व्याख्या काढून बघा. त्यात आई-वडील आहेत. स्वतःच्या पोराच्या घरात राहणारी आई भाडेकरू कशी होते? आजी जिन्यात बसून मला म्हणाल्या, "भाऊ, म्या इथंच तर राहते, मग कागद काहून देईनात?" मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी सगळं मीच केलं. मुलाची वाळूजला शिफ्ट असते, त्याला सुट्टी मिळत नाही. त्याचं नोंदणीकृत खरेदीखत लावून आधी त्याचा पत्ता बदलला. मग कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची जी ऑनलाइन सोय २०२३ पासून आहे, तिच्यातून आजींचा अर्ज भरला. कुटुंबप्रमुखाने तीस दिवसांत होकार दिला नाही तर तो अर्ज बाद होतो, म्हणून मुलाला रात्री अकरा वाजता झोपेतून उठवून ओटीपी घेतला. हयातीचा दाखलाही मोबाईलवर केला. आजींचा अंगठा उमटत नाही, भांडी घासून रेषा गेल्या आहेत. दोनदा खोबरेल लावून पुसला तरी नाही. मग गॅलरीच्या उजेडात बसवून चेहरा दाखवला तेव्हा झालं. १ जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, म्हणजे जिंतूरच्या खेपा संपल्या. एवढं सरकारने सोपं केलं आणि आपण जिन्याखाली अडवून धरलंय.

जिन्याखाली म्हणतो कारण बँकेने नव्या पत्त्यावर पाठवलेला लिफाफा परत गेला. "या पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून. पोस्टमन पोरगं नवीन आहे, त्याने वॉचमनला विचारलं, वॉचमनने सचिवांनी दिलेली यादी बघितली, यादीत आजींचं नाव नाही. पत्रपेट्या तर तुम्ही बघाच एकदा. दिवाळीच्या रंगकामात भिंतीवरून काढल्या त्या सचिवांच्या स्कूटरच्या मागे ठेवल्या, अजून तिथेच आहेत. सहा पेट्यांना दारं नाहीत. ब-३०३ च्या पेटीत कबुतराच्या काड्या आणि क्लासच्या जाहिराती. त्या जागी स्कूटर लावायची परवानगी कोणत्या सभेने दिली, हेही मी दुसऱ्या अर्जात विचारलं होतं. गच्चीच्या किल्लीचं आणि टँकरच्या हिशोबाचंही विचारलं होतं, पण ते आज उकरत नाही.

आजींचं मी निभावलं. वॉचमनच्या आईचं माझ्याच्याने होत नाही, म्हणून हे पत्र.

मावशी ६८ वर्षांच्या आहेत, गेटजवळच्या खोलीत लेकाबरोबर राहतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. प्रकरण सिल्लोड तहसीलला आहे. दर वर्षी हयातीसाठी आणि मध्ये काही चौकशी निघाली की सिल्लोडला जावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गुडघ्यांचं काय? प्रकरण इथल्या तहसीलला वर्ग करून घ्यायचं तर इथला पत्ता दाखवावा लागणार. खोली सोसायटीची, मीटर सोसायटीचं, त्यांच्या नावाचा एक कागद नाही. आधारसाठी राजपत्रित अधिकारी ठरलेल्या नमुन्यावर सही करतात, माझ्या ओळखीचे एक तयारही आहेत. ते एवढंच म्हणाले, बाई तिथे राहते असं सोसायटीकडून लिहून आणा. सचिव म्हणतात, असं लिहून दिलं तर उद्या खोलीवर हक्क सांगतील. राहत असल्याच्या पत्राने कुणाचा हक्क लागत नाही. हवं तर तसं त्याच पत्रात लिहा, मावशींची हरकत नाही. त्यांच्याकडे एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळं घड्या पडून मऊ झालेलं. सचिवांच्या दारात त्यांनी ती तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. मी समोर उभा होतो.

क विंगचे सगळे माझ्या मताचे आहेत. अ विंगमधल्या दोघी ताईही म्हणाल्या की हे चूक आहे. सही मात्र नंतर करतो म्हणाल्या, कारण सचिव त्यांचे शेजारी आहेत. माझा दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे हे सचिव सगळ्यांना सांगत फिरतात. तो गळतीच्या वादातला विषय आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

माझं म्हणणं थोडकं आहे. मावशींचं पत्र मी लिहून ठेवलंय, दोन ओळींचं. जिंतूरच्या आजींचं नाव खालच्या पाटीवर आणि वॉचमनच्या यादीत चढवा. पेट्या भिंतीवर परत लावा, स्क्रूचे पैसे मी देतो. आणि मावशींना पुढच्या वेळी सिल्लोडला जावं लागलं तर सचिवांनी स्वतः सोबत जावं.

शिक्का सचिवांच्या घरच्या कपाटात असतो. रविवारी सकाळी दहा वाजता मी मावशींना घेऊन तुमच्याकडे येतो, शिक्का तेवढा आधी मागवून ठेवा. सोमवारची त्या राजपत्रित साहेबांची वेळ घेतलेली आहे.

आपला,
क-१०२ चा रहिवासी

सोबत: आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या, परत गेलेल्या लिफाफ्याचा फोटो.