आजोबांचं रिव्हॉल्व्हर मिळतं, लायसन्स मिळत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं, वडील गेले, कपाटात त्यांची लायसन्सवाली बंदूक आहे, आता ती आमचीच ना? नाही हो. दुकान, घर, सोनं जसं वारसाने येतं तशी बंदूक येत नाही, हे मी स्वतः हेलपाटे घालून शिकलेय म्हणून लिहितेय. जरा लांबेल, कापलंत तरी चालेल पण कायद्याचा भाग तेवढा ठेवा.

आमचं गिरगावात सराफी दुकान. आजोबांकडे वेब्ली अँड स्कॉटचं ०.३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप, इथे इंचात) रिव्हॉल्व्हर होतं, विलायती, मधून मोडून उघडायचं आणि उघडलं की काडतुसांच्या सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर. झवेरी बाजारातून माल घेऊन काळबादेवीतून चालत यायचे तेव्हा ते कमरेला असायचं. तरुणपणी पत्रा ओढायच्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली, त्यामुळे कंपनीची मूठ हातात नीट बसेना, मग खेतवाडीतल्या एका सुताराकडून शिसवीची मूठ करून घेतली, जिथे बोटं नाहीत तिथे लाकडाला फुगवटा आणि अंगठ्याला खोबण. वर निकेलचं पाणी चढवलं, सराफच ते, चकाकल्याशिवाय चैन कुठलं पडणार. निवडणूक आली की ते पोलिस ठाण्यात जमा करावं लागायचं, तेव्हा पावती हातात घेऊन म्हणायचे, पोरगी सासरी पाठवल्यासारखं वाटतं.

ते गेले आणि दिवस होईपर्यंत ते तसंच गोदरेजच्या कपाटात पडून होतं, कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चौदाव्या दिवशी मी ठाण्यात घेऊन गेले तर पहिला प्रश्न, इतके दिवस कुठे होतं? बरोबर होतं त्यांचं. लायसन्स माणसाच्या नावाचं असतं, माणूस गेला की शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करायचं असं १९५९ च्या कायद्यातच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्राला कमीत कमी २ वर्षं कैद आहे, जास्तीत जास्त ५. आपण वारस आहोत हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

आणि मला चुटपुट लागली ती वेगळीच. २०१६ च्या नियमांप्रमाणे धारकाला ७० वर्षं झाली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झालं, जे आधी होईल ते, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावावर लायसन्ससाठी अर्ज करता येतो. आजोबांचं दोन्ही कधीच उलटून गेलं होतं. मी एकदा विषय काढला होता तर म्हणाले, मी अजून मेलो नाहीये. मग काय बोलणार.

पुढे फॉर्म, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पोलिस चौकशी, बाकी वारसांची ना-हरकत, हे सगळं होतं हळूहळू, त्याचं रडगाणं गात नाही. अडलं ते निकेलमुळे. शस्त्राचा नंबर पाण्याखाली इतका पुसट झालेला की कोणाला वाचताच येईना, आणि नंबर नसलेलं शस्त्र म्हणजे सरळ संशय. शेवटी लायसन्स असलेल्या जुन्या कारागिराने भिंग लावून एकेक आकडा काढून दिला. तेव्हा कोणाला हौसेने पॉलिश, प्लेटिंग करायचं असेल तर आधी नंबर सांभाळा, आणि काम लायसन्सवाल्याकडेच, कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्याकडे नाही.

आता ते माझ्या नावावर आहे, पण माझ्या हातात बसत नाही. तो फुगवटा नेमका माझ्या करंगळीत रुततो. वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर पाच गोळ्या झाडल्या, पाचही कुठेच्या कुठे. माल मीच आणते, रोज नाही पण आणते, म्हणून दुसरं घ्यायचं ठरवलं, आणि दोनच शस्त्रं ठेवता येतात (२०१९ आधी तीन होती) म्हणजे आजोबांचं एक धरून माझ्याकडे एकच जागा शिल्लक. विचार करून घ्यावं लागलं. हौशी माणसं ९ एमएम ९ एमएम करतात, ते आपल्याला मिळतच नाही, प्रतिबंधित बोअर आहे. बाहेरून मागवणंही कित्येक वर्षांपासून बंद, म्हणून तर जुन्या विलायती मालाला एवढा भाव. माझ्यासमोर होतं सरकारी कारखान्यातलं, ईशापूरचं ०.३२ पिस्तूल, नाहीतर कानपूरचं ०.३२ रिव्हॉल्व्हर. पिस्तूल चपटं, कपड्यात लपतं, मला तेच हवं होतं खरं तर. पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढताना मुंबईच्या मे महिन्यात घामेजलेला हात सटकतो, आणि गोळी अडकली तर ती काढत बसा. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर चाप परत ओढायचा, पुढचं समोर येतं. शिवाय लोकांना वाटतं ०.३२ म्हणजे ०.३२, पण पिस्तुलाची आणि रिव्हॉल्व्हरची काडतुसं वेगळी, एकमेकांत चालत नाहीत. कानपूरचं घेतलं तर आजोबांचंच काडतूस चालतं. तेच घेतलं. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर पण बघितलं, साधारण ५०० ग्रॅमचं, हातात घेतलं की हलकं छान वाटतं, पण हलकं शस्त्र झाडताना हाताला झटका जास्त देतं, आणि किंमत काही हलकी नव्हती.

आजोबा घोड्यासमोरचं चेंबर, म्हणजे काडतुसाचं घर, नेहमी रिकामं ठेवायचे, सहाच्या जागी पाचच, घोड्याला चुकून धक्का लागला तरी गोळी सुटू नये म्हणून. मला ते म्हातारपणचं भित्रेपण वाटायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुहूला अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, त्या दिवसापासून मीही जुन्यात पाचच भरते. ते आता फक्त रेंजवर जातं, एरवी लॉकरमध्ये, महिन्या दोन महिन्यांनी तेल.

मूठ बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, असं सगळे म्हणतात. पण नाशिकच्या आत्याने ना-हरकतीवर सही करताना एकच अट घातली होती, मुठीला हात लावायचा नाही.

आपली,
एक वाचक, गिरगाव