पाळकांच्या घराची किल्ली

वाँटेजजवळ, ऑक्सफर्डशर
१२ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात तुला, वहिनींना आणि काकूंना सप्रेम सलाम.

तुझ्या तीन मेसेजना मी नुसते जोडलेले हात पाठवले, त्याचा तुला राग आला असणार. पण जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज रविवार. उपासना उरकून दुपारी घरी आलो, बाहेर पाऊस लागलाय, रात्रीपर्यंत कुणी बोलावणार नाही. तेव्हा सगळं नीट लिहितो.

आमचे व्हिकरसाहेब, म्हणजे पाळक, गेल्या नोव्हेंबरात निवृत्त झाले. तेव्हापासून आमच्या देवळाची मंडळी आणि अडीच मैलांवरच्या शेजारच्या गावची मंडळी, दोन्ही पाळकाविना आहेत. दोन देवळांना मिळून एकच व्हिकर असतो, हे तुला मागे सांगितलं होतं. आपल्याकडे बिशपांच्या ऑफिसातून बदलीचं पत्र येतं, मे महिन्यात टेम्पो लागतो आणि जूनमध्ये वेदीपाशी नवा माणूस उभा असतो. इथे मंडळीनेच आपल्याला कसा पाळक हवा ते लिहून काढायचं, मग जाहिरात द्यायची, मग अर्जांची वाट बघायची. या कामासाठी आमच्या मंडळीने दोन प्रतिनिधी निवडले, त्यांतला एक मी. शेजारच्यांचे दोन. आम्हा चौघांना विचारल्याशिवाय कुणाचीही नेमणूक होऊ शकत नाही. नकार द्यायचा हक्क कायद्यानेच आमच्या हातात दिलाय, आणि त्या हक्काने माझी झोप उडाली आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी इथली रीत समजून घे, तुला आवडेल. पाळकाचं नाव सुचवण्याचा मान ज्याच्याकडे असतो त्याला इथे पेट्रन म्हणतात. हा मान आपल्याकडच्या वतनासारखाच आहे. शेकडो वर्षांपूर्वी गावच्या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर देऊळ बांधलं, म्हणून तिथे कोण पाळक येणार हे त्याच्या घराण्याने ठरवायचं. हा हक्क वारसाने मुलाकडे जाई, दान देता येई, चक्क विकताही येई. विक्रीची वाट पुरती बंद झाली ती १९८६च्या कायद्याने. आमच्या देवळाचा पेट्रन म्हणजे ऑक्सफर्डचं एक कॉलेज, शेजारच्या देवळाचे बिशप. पाळक एकच म्हणून दोघांनी पाळी लावून घेतली आहे. या खेपेला कॉलेजची पाळी. कॉलेज नाव सुचवणार, त्याला बिशपांची संमती लागणार आणि आमचीही. आम्ही नाही म्हटलं तर कारण लेखी द्यायचं, आणि कॉलेजला ते पटलं नाही तर ते आर्चबिशपांकडे दाद मागू शकतात. मुदतीत काहीच कळवलं नाही तर होकार धरला जातो.

त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे दोन्ही मंडळ्यांच्या कमिट्यांची मिळून एक सभा घ्यावी लागते. सगळे तिला ‘सेक्शन इलेव्हन’ म्हणतात. त्या सभेत जाणाऱ्या पाळकाला बसता येत नाही, त्याच्या पत्नीलाही नाही आणि पेट्रनलाही नाही. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो. मंडळीला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून एवढी काळजी कुणीतरी घेतली, आणि गेलेल्या माणसाची लाजही राखली.

मोकळेपणाने बोलायला मात्र आम्हाला पाच महिने लागले. आमचं देऊळ मेणबत्त्यांचं, झग्यांचं, मोठ्या सणाला धूपाचं. दर रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस. शेजारच्यांकडे १६६२च्या प्रार्थनापुस्तकातली सकाळची प्रार्थना, लांब उपदेश, आणि महिन्यातून एकदा मुलांसाठी पडद्यावर शब्द दाखवून गाणी. आम्ही त्यांना कोरडे म्हणतो, ते आम्हाला अर्धे रोमन कॅथलिक म्हणतात. त्यात पाळकांचं घर आमच्या गावात. त्यांच्या गावातलं जुनं घर बऱ्याच वर्षांपूर्वी विकलं गेलं, आणि ‘व्हिकर तुमचा, आम्ही पाहुणे’ ही सल त्यांच्या मनातून गेलेली नाही. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना कुणाकडे, यावरून तर दरवर्षी कुरबुर.

दोन्ही मंडळ्यांची ओळख करून देणारं एक पुस्तक तयार करायचं असतं. गाव कसं, लोक किती, पैसा किती, काय हवंय. पहिला मसुदा आम्ही दोन निरनिराळ्या वह्यांत लिहून आणला. शेजारच्या प्रतिनिधींपैकी एक सत्तरीच्या बाई आहेत, गाईंचा मोठा गोठा सांभाळतात. पहाटेचं दूध काढून, बूट दाराशी ठेवून त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. त्यांनी आमची वही वाचली आणि म्हणाल्या, “यात तुमच्या भांडणाचं एक अक्षरही नाही. येणाऱ्याला पहिल्या महिन्यात कळेलच, मग लपवायचं कशाला?” मग आम्ही दोघांनी मिळून ते पान लिहिलं. रविवारी दोन्ही देवळांत मिळून साठ-पासष्ट माणसं, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. शेजारच्या बुरुजाचं छत गळतं. आमचा बॉयलर दोन हिवाळे आजारी आहे. आणि आम्ही एकमेकांवर पुरता विश्वास टाकायला अजून शिकलेलो नाही. शेवटचं वाक्य कमिटीने तीनदा खोडलं. ते चौथ्यांदा घालायला लावलं त्या बाईंनीच.

दुसरा मोठा प्रश्न होता स्त्री-पाळकाचा. इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या बत्तीस स्त्रियांना ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली १२ मार्च १९९४ला. पहिली स्त्री बिशप झाली २०१५ मध्ये. पण एखाद्या मंडळीला स्त्री-पाळक नको असेल तर तसा ठराव करून बिशपांना कळवता येतो, आणि शेजारच्या मंडळीत तसा ठराव करावा असं काहींचं म्हणणं होतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सभेत उभं राहून बोललो. मी त्यांना आपल्या पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं. वाँटेज इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या देवळात २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंचा आणि त्यांच्या चिमुरड्या लेकीचा, मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवू नये असा हिंदुस्थानातल्या बिशपांनी सल्ला दिला. रमाबाईंना तो पटला नाही आणि का पटला नाही ते त्यांनी पत्रांतून ठणकावून लिहिलं. मी एवढंच म्हणालो की तुमच्याच तालुक्यात बाप्तिस्मा घेतलेल्या एका बाईने आमच्या मुलखात परित्यक्तांना आणि विधवांना घर दिलं, मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिला कुणाच्या परवानगीची गरज वाटली नाही. माझ्या बोलण्याने मतं फिरली असं मी म्हणणार नाही. पण ठराव पडला. ठरावाविरुद्ध हात वर करणाऱ्यांत शहाऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या, ज्यांनी आयुष्यभर उलट बाजू धरली होती. घरी जाताना त्यांनी मला रमाबाईंच्या नावाचा उच्चार तीनदा करून दाखवायला लावला.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आमच्या गावच्या मसुद्यात एक ओळ होती: ‘तरुण, कुटुंबवत्सल पाळक, मुलंबाळं असलेला, असल्यास उत्तम.’ सगळ्यांना गोड वाटली. मला ती वाचताक्षणी काकू आठवल्या. नगरला तुमच्या त्या कौलारू घरात काकू शनिवारी रात्री संडे स्कूलची चित्रं कापत बसायच्या, रविवारी पेटी वाजवायच्या, सोमवारी महिला मंडळ, आणि कुणाच्याही घरी मयत झालं की पहिला चहा त्यांच्या चुलीवरचा. पगार एकाचा आणि कामाला सगळं घर. तू दहा वर्षांचा असताना तुला खेळायला सोडलं तरी ‘पाळकांचा मुलगा असून’ हे ऐकावं लागायचं. मी सभेत म्हटलं, आपण पाळक शोधतो आहोत, त्याची बायको आणि मुलं नव्हे. ती ओळ काढा. वाद झाला, पण ती निघाली.

त्या रात्री घरी आल्यावर मला ती वही आठवली. लाल पुठ्ठ्याची. तुला माहीत आहे का, मला आजवर कळलेलं नाही. सुगीच्या सणातल्या लिलावाच्या हिशोबावरून मंडळीत दोन तट पडले होते. तुझ्या पप्पांनी हिशोब सर्वांसमोर वाचून दाखवा असा आग्रह धरला, आणि त्यांचं चुकलं ते एवढंच. त्यानंतर त्यांची बदली व्हावी म्हणून बिशपांकडे अर्ज गेला. त्या अर्जावर माझ्या वडिलांची सही होती. आणि सह्यांची ती वही सायकलला अडकवून घरोघर मी नेली होती. मी बारा वर्षांचा होतो, वहीत काय आहे ते मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण कळल्यावरही मी तुला सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. टेम्पोत तुमची कपाटं चढवली तेव्हा मी खालून दोरी ओढून धरली होती, आणि तुझ्या पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. वडील गेले त्या वर्षी त्यांनी स्वतःहून हा विषय काढला. म्हणाले, “पाळकसाहेबांना मी एकदा भेटायला हवं होतं.” भेटले नाहीत. तेव्हा त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने मी तुझी आणि काकूंची क्षमा मागतो.

म्हणून या नकाराच्या हक्काची मला धास्ती वाटते. पण तेव्हाच्या त्या सह्यांच्या मागे माणसाशी समोरासमोर बोलणं नव्हतं. इथे निदान कारण लिहून त्याखाली आपलं नाव घालावं लागतं.

जाहिरात पहिल्यांदा दिली ती एप्रिलात. एकही अर्ज आला नाही. खेड्यांतल्या जागांना हे नवीन नाही, पण आमच्या लोकांचे चेहरे बघवत नव्हते. त्या रविवारी दोन्ही मंडळ्या पहिल्यांदा आपण होऊन एकत्र बसल्या, कुणी बोलावलं नव्हतं. मधल्या काळात एक निवृत्त पाळक, वय ब्याऐंशी, गाडी चालवत येऊन आम्हाला प्रभुभोजन देतात. ते नसतील तेव्हा मी किंवा ती गोठेवाली बाई सकाळची प्रार्थना चालवतो. प्रभुभोजन आम्हाला चालवता येत नाही, त्याला दीक्षा घेतलेला पाळकच लागतो. दफनं झाली, लग्नाच्या घोषणा तीन-तीन रविवार वाचून झाल्या, स्मशानातलं गवत कापून झालं. आजारी माणसाच्या उशाशी मात्र कोण बसलं, याचा हिशोब नीट लागत नाही. ती उणीव मला सगळ्यांत लागते. पाळक नाही म्हणजे काय, हे त्या रिकाम्या खुर्चीवरून कळलं.

दुसऱ्या जाहिरातीला दोन अर्ज आले. एकाने माघार घेतली. उरलेली व्यक्ती येत्या गुरुवारी आणि शुक्रवारी येते आहे, बरोबर नवरा. दोन्ही देवळं बघणार, शाळेत जाणार, संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवण, दुसऱ्या दिवशी मुलाखत. त्यांच्या अर्जात एक वाक्य आहे: ‘तुमच्या भांडणाचं पान वाचून मी अर्ज करायचं ठरवलं.’ गोठेवाल्या बाईंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि मग दोघंही काही बोललो नाही.

सगळं जुळलं तर नेमणुकीची उपासना होईल. बिशप नव्या पाळकाच्या हाती सनद देताना म्हणतात की हा आत्म्यांचा सांभाळ घे, तो तुझा आहे आणि माझाही. मग आर्चडीकन, म्हणजे बिशपांचे मदतनीस पाळक, नव्या पाळकाचा हात धरून देवळाच्या दाराच्या किल्लीवर ठेवतात, आणि पाळक स्वतः घंटा वाजवतो. जितके टोल तितकी वर्षं राहणार, असं गावकरी मानतात आणि मनात मोजतात.

पाळकांच्या घराची किल्ली सध्या माझ्या खिळ्यावर लटकते आहे. गुरुवारी दुपारी ते घर दाखवायचं काम माझ्याकडे आहे. खोल्या झाडून घेतल्या, नळ सोडून पाहिले, परसात नाशपातीचं झाड आहे त्याखालचा सडा काढला. आणि मग सुचेना की अशा घरात राहायला येणाऱ्याला काय सांगायला हवं. तुम्ही किती घरं बदललीत, मला पाच आठवतात. तू काकूंना विचारून मला बुधवारच्या आत कळव: नव्या गावी पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा त्यांना कुणी काय सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. वहीचं मात्र तू त्यांना सांगायचं की मी, हे तूच ठरव. मी डिसेंबरात येतो आहे. तू म्हणालास तर मीच त्यांच्यासमोर बसून सांगेन.

तुझाच,
सायकलवाला