धुतलेल्या खापरातून मद्य कसे सापडणार?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उत्खननात सापडलेल्या भांड्यांवरून प्राचीन मद्ये पुन्हा तयार करण्याच्या प्रयोगांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र मिडास राजाच्या काळचे तेच पेय आज बाटलीत मिळते, असा जो समज त्यातून होतो, तो तपासून घ्यायला हवा. मी व्यवसायाने वैद्य आहे आणि माझ्या औषधशाळेत आसवे-अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली आयुर्वेदिक औषधे, तयार होतात. त्यामुळे आंबवण्याच्या कामात साहित्याची यादी किती सांगते आणि किती सांगत नाही, याचा रोजचा अनुभव आहे.

लेखातले मुख्य उदाहरण तुर्कस्तानातील गॉर्डियन येथील, मिडास राजाशी जोडल्या जाणाऱ्या थडग्याचे आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील ते थडगे १९५७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाने उघडले, तेव्हा आत कांस्याची दीडशेहून अधिक भांडी होती आणि त्यांतील काहींच्या तळाशी पिवळी खरपुडी धरली होती. ती काढून कागदी पिशव्यांत ठेवली गेली आणि सुमारे ४० वर्षांनी प्राचीन पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तिचे पृथक्करण केले. टार्टारिक आम्लावरून द्राक्षे, मेणाच्या अंशावरून मध आणि कॅल्शियम ऑक्झलेटवरून सातूची बीअर असा निष्कर्ष निघाला. तो भक्कम आहे. पण डॉगफिश हेड या अमेरिकन कंपनीने त्यावरून जे पेय काढले, त्यात कडवटपणासाठी घातलेले केशर हा अंदाज होता, खरपुडीतला पुरावा नव्हे. तिन्ही घटकांचे प्रमाण, यीस्ट कोणते, किती दिवस मुरवले, यांपैकी काहीही भांड्याने सांगितलेले नाही. असे पेय करण्यात गैर काहीच नाही; फक्त निम्मे श्रेय आजच्या कारागिराच्या कल्पकतेला द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

हीच पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी वापरली तर फसगत होण्याची शक्यता अधिक. चीनमधील जिआहू येथे सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळ यांपासून केलेल्या पेयाचे अंश सापडले, पण टार्टारिक आम्ल द्राक्षाचे की तिथल्या हॉथॉर्न नावाच्या फळाचे, हे संशोधकांना मोकळेच ठेवावे लागले. आपल्याकडे तर चिंच आहे, आणि चिंचेत हे आम्ल भरपूर असते. उद्या तासगाव-पलूसच्या शिवारात एखादा जुना रांजण निघाला, त्यात टार्टारिक आम्ल आढळले आणि दोन हजार वर्षांपूर्वीही सांगलीत वाइन होत असे, असा मथळा झळकला, तर द्राक्षबागायतदारांना आनंद होईल; पण त्या रांजणात चिंचेचे सारही असू शकेल.

उलट आपल्याकडे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे लिखित कृती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार दिले आहेत. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व (आंबवण्याचे विरजण), असे माप आहे. द्रोणाचे सोळा प्रस्थ होतात आणि अर्ध्या आढकाचे दोन. म्हणजे तांदळापेक्षा किण्वच जास्त. हे किण्व चिमूटभर विरजणासारखे नव्हते. उडदाच्या लगद्यात तिसऱ्या भागाने अधिक तांदूळ आणि मोरट इत्यादी वनस्पती मिसळून ते बांधले जाई, आणि त्याचे साहित्य वेचण्याचे काम स्त्रिया व मुलांकडे असे. मोरट म्हणजे मूर्वा ही औषधी वनस्पती असे धरले, तरी मूर्वा नेमकी कोणती यावर आजही वैद्यांचे एकमत नाही. म्हणजे कृती हातात असूनही पेय हातात येत नाही! अरिष्टांची मापे मात्र कौटिल्याने वैद्यांवर सोपवली, ही समाधानाची बाब.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते. अरिष्ट घालताना मातीच्या भांड्याला आतून तूप चोळतात आणि धूप देतात. काढा, गूळ आणि धायटीची फुले घालून भांडे पाऊण भरतात, तोंडावर कापड बांधून ओल्या मातीने लिंपतात आणि ऊब राहावी म्हणून ते धान्याच्या राशीत पुरतात. सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल होणारी ही धायटी आपल्यासोबत रानातले यीस्ट आणते. भांड्याला कान लावला की आतली चुरचुर ऐकू येते. ती थांबली आणि तोंडाशी धरलेली पेटती काडी विझली नाही, की संधान, म्हणजे आंबवण्याची क्रिया, पूर्ण झाले. असे भांडे दोन हजार वर्षांनी प्रयोगशाळेत गेले तर काय सापडेल? मातीत मुरलेल्या तुपाचे स्निग्धांश. तपासणाऱ्याला ही पद्धत ठाऊक नसेल, तर तो प्रामाणिकपणे लिहील की हे दूधदुभत्याचे भांडे होते. म्हणून अशा तपासणीत रसायनतज्ज्ञाच्या शेजारी वैद्य आणि जुन्या ग्रंथांचा जाणकारही बसायला हवा.

हे दारूचे समर्थन आहे, असे कोणी समजू नये. मतदानात 'आडवी बाटली' करून दारूची दुकाने बंद पाडणाऱ्या स्त्रियांच्या जिल्ह्यातून हे पत्र येत आहे, आणि परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. प्रश्न पिण्याचा नाही, पुराव्याचा आहे.

तो पुरावा आपण रोज गमावतो. कऱ्हाड म्हणजे मध्य प्रदेशातील भारहूत स्तूपाच्या शिलालेखांत उल्लेख असलेले प्राचीन नगर. शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले. कृष्णाकाठच्या गावांतून पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती शेतात टाकण्यासाठी ट्रॉल्या भरून नेली जाते, तिच्याबरोबर खापरेही जातात. जी कोणी उत्साहाने उचलून आणतो, ती ब्रशने घासून, प्रसंगी सौम्य आम्लात बुडवून लखलखीत केली जातात. इस्रायलमध्ये २०१९ साली मडक्यांच्या मातीतील सूक्ष्म छिद्रांतून जिवंत यीस्ट मिळवून त्याची बीअर करण्यात आली. पृष्ठभाग स्वच्छ करण्याच्या हौसेत आपण नेमके असले अंश नाल्यात सोडतो.

तेव्हा पुरातत्त्व विभागाने व महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी एवढे तरी करावे: बुडाकडची आणि काठाकडची काही खापरे न धुता ठेवावीत, तुलनेसाठी आजूबाजूची मूठभर माती वेगळी घ्यावी, आतल्या बाजूला बोटे लावू नयेत, आणि प्लास्टिकची पिशवी टाळून खापर अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावे, कारण प्लास्टिकमधील रसायने स्निग्धांशांच्या तपासणीत घोळ घालतात.

आपला,
एक वैद्य, कऱ्हाड, जि. सातारा