गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, रागवू नका

ती. आई-बाबा,
फोन केला असता तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते आणि ते बघू पार दिवाळीपर्यंत गेलं असतं, म्हणून लिहितेय. बाबा, गुरुवारी तुमच्या हातावरच्या फोडांची परत बायोप्सी आहे, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणार. बुधवारी न्यायला गाडी सांगितलीये.

मागच्या वेळी मी सोबत यायला हवं होतं, ते मनातून जातच नाही. तिथे तुकडा सरळ फॉर्मलिनमध्ये टाकला आणि इम्युनोफ्लुरोसन्सला, म्हणजे आपल्याच कातडीवर उलटलेल्या अँटिबॉडीज शोधायच्या तपासणीला, तसा चालत नाही. आता दोन घेणार, एक फोडाच्या कडेचा आणि एक शेजारच्या चांगल्या कातडीचा. बाबा, तुम्ही विचारणारच की चांगली कातडी कशाला कापायची, तर फोडात त्या अँटिबॉडीज नासून जातात, शेजारी टिकून असतात. तो तुकडा मिशेल मीडियम नावाच्या वेगळ्या पाण्यात ठेवतात आणि मग त्याच्या पातळ चकत्यांवर चमकणारं रसायन घालून मायक्रोस्कोपखाली बघतात. कातडीच्या दोन थरांच्या सांध्यावर हिरवी रेघ दिसली तर पेम्फिगॉइड, पेशींभोवती जाळी दिसली तर पेम्फिगस, दोन्ही फोडांचेच आजार. तुमचं वय, आधी कितीतरी महिने नुसती खाज, मग हे टणक फोड, त्यामुळे डॉक्टरांना पेम्फिगॉइडच वाटतंय. पण तुमची शुगर बघता नुसत्या अंदाजावर स्टेरॉइडच्या गोळ्या नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे.

जागा बधिर करतात, तुकडा जेमतेम डाळीएवढा, एखाद-दोन टाके. पुढच्या खोलीतला पलंग तुमच्यासाठी लावलाय, पंख्याखालीच, सुती चादर घालून. आई, तुझा चहा सकाळी साडेपाचला मिळेल, मी उठेन.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही बाही खाली ओढलीत ना बाबा, मला दिसलं. लहानपणी माझ्या टाचा फुटायच्या तेव्हा तुम्ही रात्री झोपेतच कैलास जीवन लावून मोजे घालायचात, सकाळी उठले की मोजे बघून कळायचं. आता हात माझ्यापासून नका लपवू.

आई, शेजारच्या काकू नागीण म्हणतात म्हणून गेरू लावू नकोस, ही नागीण नाही. फोड सोलायचा नाही. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं सगळी आण, ग्लिप्टिन गटातल्या गोळीनेही असं होऊ शकतं, पण मनाने बंद करू नका, डॉक्टर ठरवतील. आणि हे लागट नाही हं बाबा, नातवाला खुशाल मांडीवर घ्या, तो रोज विचारतो आजोबा कधी येणार.

बुधवारी सकाळी आठला तयार राहा, सैल बाह्यांचे शर्ट घ्या.

तुमची मनी