साऊ, आधी स्टँड, मग बाकीचं

प्रिय साऊ,

रविवारी तू फोन कट केलास त्यानंतर आप्पा टीव्ही लावून बसले पण बघत काही नव्हते. तू घेतलेल्या जुन्या गाडीला "भंगार" म्हणायला नको होतं असं मी त्यांना तोंडावर सांगितलं, तर म्हणाले दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीला दुसरं काय म्हणतात ते तूच सांग, तू पार्टच्या दुकानात काउंटरवर बसतेस. त्यांच्या नादी कोण लागणार. पण रात्री पाणी प्यायला उठले तर हे अंधारात तुझा इंजिनच्या आवाजाचा व्हिडिओ मोबाईल कानाला लावून ऐकालेत. मला बघितल्यावर म्हणाले, हा टॅपेटचा आवाज न्हाई, गाडी मिसिंग मारत्या. आणि झोपायला गेले. तर ते एवढे पण रागावलेले नाहीत, एवढंच तुला सांगते.

मी भांडायला लिहीत नाही. स्वतःच्या पैशाने घेतलीस, चांगलं केलंस. मी बघितलं सगळं तुझ्या मियाटाबद्दल, 1989 ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली दाखवली होती माझदाने, तुझी 1999 ची म्हणजे दुसऱ्या पिढीची, तुझ्यापेक्षा वर्षाने लहान. पहिलीला ते उघडझाक करणारे हेडलाईट होते, तुझ्या मॉडेलला काढून टाकले, ते राहिले असते तर मला जास्त आवडली असती पण ठीक आहे. दोनच सीट आहेत म्हणजे आम्ही आलो की एकाने घरी बसायचं, कोण ते तुला माहीतच आहे. आणि बॅटरी डिकीत असते हे वाचून मी हसले, बॉनेट उघडून बॅटरी शोधणाऱ्या पोरांची मजा बघायला पाहिजे.

आता खरं काय ते. तू तो फोटो पाठवलास ना, गाडीखालून नुसते तुझे पाय दिसतात तो, खाली हसणारी इमोजी. मी तो फोटो मोठा करून बघितला. पुढचं उजवं चाक वर आहे, चाकाजवळ डिकीतला तो कात्रीचा जॅक, आणि बाकी काही नाही. स्टँड नाही, मागच्या चाकाला दगड नाही, ठोकळा नाही. उतार पण आहे तुझ्या घरासमोर, फोटोत दिसतोय. आप्पांना मी फोटो दाखवलेला नाही. शिवाकाकाचं तुला सांगायला नको.

बरं ते राहू दे, तू लहान नाहीस. मिसिंगचं, म्हणजे एखाद्या सिलेंडरात पेट्रोल नीट पेटत नाही त्याचं, बघू आधी.

तू म्हणालीस की चेक इंजिनची लाईट लागते आणि कोड वाचायच्या त्या छोट्या यंत्रात पी 0301 आणि पी 0304 येतात, म्हणजे एक नंबर आणि चार नंबर सिलेंडर. हे ऐकल्या ऐकल्या मला बरं वाटलं कारण तुझ्या इंजिनात दोन कॉइल आहेत, एक कॉइल एक-चारला करंट देते आणि दुसरी दोन-तीनला. नुसता एकच सिलेंडर मिसिंग मारत असता तर प्लग, वायर, इंजेक्टर सगळं शोधत बसावं लागलं असतं, पण जोडीने मारतोय म्हणजे आधी कॉइलवर संशय घ्यायचा, किंवा कॉइलच्या सॉकेटवर. पण लगेच नवीन कॉइल मागवू नको. आपल्या दुकानात असली गिऱ्हाईकं रोज येतात, कुणीतरी सांगितलं म्हणून पार्ट नेतात, बसवतात, गाडी तशीच, मग पार्ट परत घ्या म्हणून भांडतात. इलेक्ट्रिकल पार्ट कोण परत घेतं का? आधी प्लगच्या वायरी काढ आणि प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघ. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग जुनं झालं की ऑइल त्या खड्ड्यात उतरतं, वायरचं रबर भिजून फुगतं आणि करंट मध्येच जमिनीला जातो. ऑइल दिसलं तर पॅकिंग आणि वायरी दोन्ही बदल, नुसत्या वायरी बदललीस तर सहा महिन्यांनी परत तेच. पावसात जास्त मिसिंग मारते म्हणालीस ना, ते पण वायरीचंच लक्षण आहे. रात्री गॅरेजची लाईट बंद करून, इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रेने थोडं पाणी मार, करंट गळत असेल तर निळी ठिणगी उडताना दिसते. हात लावू नको मात्र, झटका जोरात बसतो.

हे सगळं बॉनेट उघडून उभ्याने होतं, खाली जायची काही गरज नाही. म्हणून हे आधी कर.

ऑइल गळतंय त्याचं पण तसंच. तू म्हणतेस इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी ऑइल आहे आणि व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं रिअर मेन सील, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाचं सील, गेलं, गिअरबॉक्स उतरवा. अगं ऑइल वरून खाली येतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून गळलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत बरोबर त्याच जोडावर येतं आणि खालून बघणाऱ्याला सील गेल्यासारखं वाटतं. तर कव्हरचं पॅकिंग घाल, कोपऱ्यांना सिलिकॉन लाव थोडं, सगळं स्वच्छ पूस, हजारेक किलोमीटर चालव आणि मग बघ. किती लोकांनी उगाच गिअरबॉक्स उतरवलेत माहितीय का? आप्पा याला म्हणतात आधी डोळ्यांनी काम करावं, मग पान्याने. (त्यांचं वाक्य आहे म्हणून लिहिलं, मी एवढं बोलत नाही.)

कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतंय त्याला मात्र उशीर करू नको. रेडिएटरच्या वरची प्लास्टिकची टाकी काळी आहे का तपकिरी झालीय ते बघ. तुझ्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे, तपकिरी पडली म्हणजे प्लास्टिक कुजलं, एक दिवस रस्त्यात फुटणार. अॅल्युमिनियमचं हेड आहे, एकदा तापलं की वाकतं आणि मग हेड पॅकिंग, फेसिंग, सगळा खर्च. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस नाही ना ते पण बघ. आणि टोपण इंजिन थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही, हे मी तुला सांगत्येय, जिच्यासमोर आप्पांचा दंड भाजला होता.

टायमिंग बेल्टचं बिल विकणाऱ्याकडे माग. दर 60 हजार मैलाला बदलायचा असतो, तुझी 1 लाख 30 हजार झाली, म्हणजे दुसऱ्यांदा बदललेला पाहिजे. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चालायचं, तोंडी सांगण्यावर विश्वास नको. वॉटर पंप काढायला तो बेल्ट काढावाच लागतो, म्हणून पंप पण त्याच वेळी बदल, मजुरी एकच.

आता क्लचचं. सकाळी पहिला गिअर पडत नाही, पेडल दोन-तीनदा मारलं की पडतो. म्हणजे क्लच प्लेट बरी आहे, हायड्रॉलिक गेलंय. प्लेट गेली असती तर गाडी नुसती रेस झाली असती आणि पळाली नसती. या गाड्यांचा स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे पेडलच्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलेंडर, जातोच असं सगळे म्हणतात, गिअरबॉक्सच्या बाजूला दोन बोल्टवर असतो, त्याचं रबर सरकवून बघ, आत ओलं असेल तर गेला. स्वस्त पार्ट आहे, तासाभराचं काम. पण ते खाली जाऊन करायचं काम आहे साऊ. आणि क्लचच्या ऑइलमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक खाली. तू एकटी काय करणार? पायाने पेडल आणि हाताने हवा सोडायचं निपल? का गाडी जॅकवर आणि पेडलला काठी? मी काय लिहायचं टाळत होते तिथेच परत आले बघ.

तर ऐक एकदा, मग परत बोलणार नाही. जॅक फक्त उचलायला असतो. धरायला स्टँड. हायड्रॉलिक जॅकचं आतलं सील कधी जाईल ते त्यालाही माहीत नसतं, आणि डिकीतला जॅक तर रस्त्यात चाक बदलायला दिलाय, त्याच्यावर खाली जायचं नाही. हलकी गाडी म्हणतेस, अगं हलकी म्हणजे तरी टनभर. उतारावर उचलायची नाही, गॅरेजच्या सपाट फरशीवर. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी अडवायचं. मागून उचलताना तुझा तो चाकवाला जॅक मागच्या दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या हौसिंगखाली लावतात, पुढून मधल्या आडव्या क्रॉसमेंबरखाली, आणि स्टँडवर उतरवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघायची, हलली तर आता हलू दे, तू खाली असताना नको. काढलेलं चाक पण गाडीखाली आडवं टाकायचं.

आणि यात अजून एक आहे जे मला त्या रात्री झोपेत सुचलं. तू म्हणालीस मागच्या चाकाच्या पुढे पत्रा फुगलाय. छताचं कापड जिथे संपतं, सीटच्या मागे दोन्ही बाजूंना, तिथे पावसाचं पाणी जायला भोकं असतात, ती पाल्याने तुंबतात आणि पाणी खालच्या पत्र्यात साचून आतून सडतं. त्यात तुझ्या मिशिगनला बर्फावर मीठ टाकतात. बाहेरून फोड दिसला म्हणजे आत किती गेलंय देव जाणे. आणि जॅक लावायची खाच नेमकी त्याच पत्र्याला असते! तिथे जॅक किंवा स्टँड लावलास आणि पत्रा आत दबला तर? म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद आवाज आला तर तिथे काहीही टेकवायचं नाही. त्या भोकांच्या नळ्या साफ करायला पातळ लवचिक वायर घाल, टोकदार नको, भोक पडेल.

खूप झालं ना. मला माहितीय तू वाचताना "आई!" म्हणत असशील. सॉरी. तू इंजिनिअर आहेस, मी पार्ट विकते, मला कळतं फरक. पण तू सातवीत असताना शटरच्या आत बसून प्लगचे नंबर पाठ म्हणायचीस आणि उद्यमनगरातली ती दाढीवाली मिस्त्री मंडळी मुद्दाम चुकीचा नंबर सांगून तुझी परीक्षा घ्यायची, तू एकदापण फसली नाहीस, तेव्हा मला वाटायचं हिला या ग्रीसमधून बाहेर काढायचं. शिकवलं, परदेशी पाठवलं, आणि आता तू तिकडे स्वतःच्या पैशाने ग्रीस विकत घेतलंस. आप्पांचा राग हाच आहे, गाडीचा नाही. मला मात्र परवा दुकानात बोअरिंगवाल्या काकांना सांगताना काय वाटलं ते लिहीत नाही, सांगितलं की पोरगी अमेरिकेत स्पोर्ट्स कारचं टॅपेट कव्हर स्वतः काढत्या. त्यांनी चहा सांगितला. मग विचारलं, स्टँड लावत्या न्हवं? मी म्हटलं लावत्या.

म्हणजे आता मला खोटं पाडू नको.

स्टँड घ्यायचे तर जोडी घे, वजन लिहिलेलं असतं ते बघून, आणि पिनवाले असले तर बरं. पैसे मी पाठवते, नको म्हणू नको, वाढदिवसाचं समज. ते येईपर्यंत क्लच तसाच चालव, पेडल मार दोन-तीनदा, ब्रेक ऑइलची बाटली जवळ ठेव आणि पातळी बघत जा. तुझी ती रूममेट, केरळची, तिला पेडलवर बसव, बदल्यात इडली नाहीतर काय ते दे. आणि कुणीही गाडीखाली असताना दुसऱ्याने इंजिन चालू करायचं नाही, चावी खिशात ठेवायची, खाली असेल त्याच्याच खिशात.

आप्पांनी टॅपेट कव्हरचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे ते पेन्सिलने काढून दिलंय, मधून बाहेर, थोडे थोडे करत, फोटो पाठवलाय बघ. मी सांगितलेलं नव्हतं, आपणहून काढून दिलं. टॉर्क पाना वापर म्हणाले, त्या बोल्टना फार जोर लागत नाही, अॅल्युमिनियमची चुडी आहे, आवळलीस की गेली. फोन करशील तेव्हा आपल्या रात्री आठनंतर कर, बातम्या झालेल्या असतात, आणि "सॉरी" वगैरे काही म्हणू नको, त्यांना अवघडल्यासारखं होतं. सरळ कॉइलचं विचार. एक-चारच का, दोन-तीन का नाही, एवढंच विचार, मग अर्धा तास ते बोलतील.

तांबड्या-पांढऱ्याचा मसाला कुरिअरने पाठवलाय, फरशीवर ऑइल सांडलेल्या खोक्यात ठेवू नको.

तुझी,
आई