कैदी पलटणीचा नसतो

बाल्टिमोर, मेरीलँड

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार.

रोहनच्या अमेरिकन सैन्यातल्या भरतीचं ऐकून तुम्ही फोनवर पहिलाच प्रश्न केलात, "कैद्यांशी कसं वागायचं ते शिकवतात का त्याला?" पगार विचारला नाहीत, पोस्टिंग विचारलं नाहीत. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

तो मिलिटरी पोलिसात जातोय. ट्रेनिंग मिझुरी राज्यात, फोर्ट लेनर्ड वूडला. पाठांतर आत्तापासूनच चालू आहे. ओट्याशी उभा राहून बोटं मोजतो: सर्च, सायलेन्स, सेग्रिगेट, स्पीड, सेफगार्ड. झडती घ्या, आपसात बोलू देऊ नका, अधिकारी-शिपाई वेगळे करा, लवकर मागे पोचवा आणि सांभाळा. कुणापासून सांभाळायचं रे, मी विचारलं. "सगळ्यांपासून. आमच्या माणसांपासूनसुद्धा," म्हणाला. मग त्यानं कैद्याला बांधायच्या चिठ्ठीचं सांगितलं. तिचे तीन तुकडे असतात. एक कैद्याच्या अंगावर, एक पकडणाऱ्या तुकडीकडे आणि एक त्याच्या सामानाला. म्हणजे माणूस कुठं गेला याचा माग राहतो. हे ऐकून मला जरा हायसं वाटलं.

पण आबा, नियम तर 2003 सालीही होते. इराकच्या युद्धात, बगदादजवळच्या अबू घ्रैब तुरुंगात पहाऱ्यावर होती ती 372वी मिलिटरी पोलीस कंपनी आमच्याच राज्यातली, क्रेसॅपटाउनची. राखीव दलातली साधी घरांतली पोरं. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत त्यांतल्या काहींनी कैद्यांना नागवं केलं, मारलं, कुत्र्यांची भीती घातली आणि वर फोटो काढले. 2004 च्या एप्रिलमध्ये ते फोटो टीव्हीवर आले, ते तुम्हीही पाहिलेत.

तपास मेजर जनरल अँटोनियो टगुबा यांनी केला. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात, फिलिपिन्समध्ये बटानच्या लढाईत जपान्यांच्या हाती सापडले होते आणि कैद्यांच्या त्या जीवघेण्या पायपिटीतून निसटले होते. अशा बापाच्या मुलानं आपल्याच सैन्याविरुद्ध अहवाल लिहिला, आणि काही झाकलं नाही. त्यात स्पष्ट आहे की या पोलिसांना, कैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या जिनिव्हा कराराचं शिक्षण जवळजवळ दिलंच नव्हतं, कराराच्या प्रतीही हाताशी नव्हत्या. चौकशी करणाऱ्या गुप्तचरांनी त्यांना कैद्यांना "तयार करून ठेवा" असं सुचवलं, आणि हे आपलं काम नाही असं ठणकावून सांगणारा साहेब जागेवर नव्हता. सहा-सात हजार कैदी, माणसं अपुरी, आणि घरी जायची वेळ पुढं गेल्यामुळे सगळे कातावलेले.

त्याच तुरुंगात आरमाराचा एक श्वानपथकवाला होता, विल्यम किंब्रो. गुप्तचरांनी दबाव आणला तरी त्यानं गैरप्रकारात भाग घेतला नाही. आपली ड्यूटी काय ते त्याला ठाऊक होतं, असं टगुबांनी लिहिलंय. आणि जोसेफ डार्बी नावाच्या शिपायानं फोटोंची सीडी तपास विभागाकडे दिली, म्हणून तर हे उघडकीला आलं. रोहनला मी या दोघांची नावं पाठ करायला लावली आहेत.

शिक्षा झाली ती खालच्यांना. अकरा शिपाई दोषी ठरले, एकाला दहा वर्षं. त्या पोलिसांच्या ब्रिगेडच्या प्रमुख बाईंचा हुद्दा एक पायरी उतरवला. कोर्ट मार्शल एकाच अधिकाऱ्याचं झालं आणि कैद्यांच्या छळाच्या आरोपांतून तोही सुटला. याचा मला अजून राग येतो. 1949 च्या त्या जिनिव्हा करारात छावणी जबाबदार अधिकाऱ्याच्या हाताखाली असावी, कराराची प्रत त्याच्याजवळ असावी, हाताखालच्यांना तो समजलाय हे त्यानं पाहावं, असं सरळ लिहिलंय. युद्धकैदी पकडणाऱ्याचा नाही, त्याच्या तुकडीचाही नाही, पकडणाऱ्या देशाच्या सरकारचा असतो, हेही त्यातच आहे.

हे वाचलं आणि मला तुमचे सुभेदार साहेब आठवले. बहात्तर साली पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या छावणीवर तुमची ड्यूटी होती, कैदी बराकीत आणि तुम्ही तंबूत. एका रात्री पहाऱ्यावरच्या पोरानं तारेआडून एका कैद्याला शिवी घातली, तर साहेबांनी त्याला तिथंच उभं करून म्हटलं, "कैदी पलटणीचा नसतो, हिंदुस्थान सरकारचा असतो. तू कोण त्याला बोलणारा?" लहानपणी मला ती नुसती साहेबांची दरडावणी वाटायची. आता कळतं की करारातलंच कलम ते बोलत होते. आणि ते तिथं होते कारण रात्री दोन वाजताही ते राउंडला यायचे. पोरं चांगली होती की वाईट, हा प्रश्नच त्यांनी उरू दिला नाही.

रागाचं कारण नव्हतं असं नाही. कारगिलमध्ये पाकिस्तानच्या हाती सापडलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान, त्यांचे देह 1999 साली ज्या अवस्थेत परत आले, ते आठवलं तर आजही तुमचा आवाज बदलतो. तरी तुम्ही रोहनबद्दल हाच प्रश्न विचारलात.

म्हणून एक काम सांगते. ट्रेनिंगला गेल्यावर त्याच्याकडे फोन नसतो, पत्रं मात्र मिळतात. पत्ता आला की कळवते. त्याला छावणीचं सगळं लिहा: सकाळची गिनती कशी व्हायची, कैद्यांची घरची पत्रं कशी जायची, सुभेदार साहेब राउंडला कसे यायचे. अक्षर मोठं काढा, मराठी तो जरा सावकाश वाचतो.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा.

तुमची,
सुनंदा