सूचना : रविवारचा चित्रपट आणि त्यानंतरची मैफल

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता दांडिया बाजारातील आपल्या सभागृहात ‘मसान’ (२०१५) हा हिंदी चित्रपट दाखविण्यात येईल आणि चहापानानंतर वडोदऱ्यातील तरुण वादकांचा गट स्वतः रचलेली गाणी प्रत्यक्ष सादर करील.

या चित्रपटाचे संगीत १९९० साली दिल्लीत स्थापन झालेल्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे असून, चित्रपटसृष्टीबाहेर वाढलेले संगीत पडद्यावर आले की काय घडते, हे ऐकण्यासाठी तरी श्रेयनामावली संपेपर्यंत जागा सोडू नये, अशी आग्रहाची विनंती आहे. विषय प्रौढांचा असल्याने मुलांना मैफलीच्या वेळीच आणावे.

चहापानाच्या वेळी वादक ध्वनिजुळणी करतील. तेव्हा एकच ठेका चारदा वाजला तरी टाळ्या वाजवू नयेत. आपल्या लहान सभागृहात ड्रमचा आवाज फार घुमतो, म्हणून ज्यांना तो सोसत नाही अशा ज्येष्ठांसाठी शेवटच्या दोन रांगा राखून ठेवल्या आहेत. नाट्यगीताच्या फर्माइशीची चिठ्ठी पुढे धाडण्याचा आपला जुना मोह या दिवशी कृपया आवरावा.

पाहुण्यांची नावे शुक्रवारपर्यंत कार्यालयात नोंदवावीत.

– चिटणीस